घडा, सूत आणि पांढरं लुगडं : आपल्या मंगल परिणयाची हकिगत



विहाराचा वर्धापन दिन जवळ आला की स्मरणिकेची तरुण मंडळी घरी येऊन बसतात आणि "काका, जुनं काहीतरी लिहा" म्हणून आम्हाला भरीस घालतात. आम्ही काही प्राध्यापक नव्हे. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभे राहून तीस वर्षे काढली. रात्रपाळीच्या सुट्टीत दिव्याखाली बसून जे वाचले तेवढेच आमचे कॉलेज. पण यंदा विषय शोधावा लागला नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्या मुलीचा मंगल परिणय याच विहारात झाला. तो कसा करायचा यावरून आमच्या घरात दोन महिने जे रण माजले होते, त्यातून हा लेख निघाला आहे.

पोरीचे म्हणणे असे की, लॉन नको, डीजे नको, विकतची सजावट नको. पत्रिकेपासून तोरणापर्यंत जे लागेल ते आपण आपल्या हाताने करू. तिच्या आईने कपाळाला हात लावला. "लोक म्हणतील, थोरलीला सगळं केलं अन् हिच्या वक्ताला हात आखडला." व्याह्यांना फोन केला तर ते म्हणाले, "बघू." सोयरिकीच्या बोलण्यात 'बघू'चा अर्थ काय असतो ते वाचकांना सांगायला नको.

खरे सांगायचे तर आमचेही मन होत नव्हते. थोरलीच्या वेळी, २०१४ साली, आम्ही जालना रोडवरचे लॉन घेतले होते. हजारभर माणूस जेवले. त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले आणि ते पुढे पाच वर्षे पगारातून कापले गेले. पत्रिकेवर बारा पस्तीसची वेळ छापली होती. (आपल्यात मुहूर्त नाही, मग ही पस्तीस मिनिटे कुठून आली, हे आम्हाला आजवर कळलेले नाही.) नवरदेव नाचत नाचत मंडपात पोचला तेव्हा तीन वाजून गेले होते. बाहेर डीजे चालूच होता, त्यामुळे बौद्धाचार्य काय म्हणत होते ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेले नाही. धाकटीने एवढेच विचारले, "बाबा, ताईच्या लग्नातली एक तरी वस्तू घरात आहे का?" आम्ही शोधले. एक अल्बम निघाला आणि पतसंस्थेचे पासबुक.

मग आम्ही वही घेऊन बसलो. आपल्या लग्नाला मुळात लागते काय, आणि जे लागते ते आले कुठून?

आमच्या आजीचे लग्न निजामाच्या राज्यात झाले. ती सांगायची, गावातल्या कुणाच्याही घरी कार्य निघाले की सरपण फोडायला, परगावी सांगावा पोचवायला आमची माणसे. मांडव दुसऱ्याचा, घाम आमचा. जेवण मात्र मांडवाबाहेर, सगळ्यांचे झाल्यावर. आणि स्वतःच्या घरी लग्न निघाले तर जोशीबुवा वस्तीत पाय ठेवत नसे. वेशीजवळ उभा राहून तिथी सांगायचा. दक्षिणेला मात्र विटाळ नव्हता, तिच्यावर पाणी शिंपडले की ती चालायची. ही आजीच्या तोंडची गोष्ट आहे. तिला आम्ही पुस्तकाचा आधार देत नाही, पण तुमच्याही घरच्या म्हातारीने हेच सांगितले असेल.

खुद्द बाबासाहेबांचे रमाईंशी लग्न लागले ते मुंबईत भायखळ्याच्या बाजारात. रात्री बाजार उठल्यावर त्या मोकळ्या शेडमध्ये वऱ्हाड उतरले. मासे विकायचे दगडी ओटे हेच बसायचे बाक, खालून गटाराचे पाणी वाहते आहे, आणि सकाळी कोळणी यायच्या आत जागा रिकामी करायची. ज्या माणसाने पुढे देशाची घटना लिहिली त्याच्या लग्नाला चार भिंतींची जागा मिळाली नाही.

पुरोहित नको, कर्ज नको, मोजक्या खर्चात लग्न, ही वाट आपल्याकडे पहिल्यांदा महात्मा जोतीराव फुल्यांनी पाडली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचे लग्न भटाशिवाय लागले. पुढाकार सावित्रीबाईंचा होता. १८८७ साली जोतीरावांनी मंगलाष्टके आणि पूजाविधी यांचे पुस्तकच छापले. त्यात नवरी मुकाट खाली मान घालून उभी नाही. ती बोलते, बायांच्या हक्काचे बोलते, आणि नवऱ्याने सर्वांसमक्ष तिला वचन द्यायचे असते. ही गोष्ट तेव्हा सहज पचली असे समजू नका. जुन्नर तालुक्यात ओतूरला एका पाटलाने मुलांची लग्ने अशी लावली म्हणून गावचे जोशी हक्काच्या दक्षिणेसाठी कोर्टात गेले. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत पोचले आणि १८९० साली सत्यशोधकांच्या बाजूने निकाल लागला. आपले लग्न आपण लावायचे, एवढ्यासाठी हायकोर्ट! तिकडे तामिळ मुलखात पेरियार रामस्वामींनी विसाव्या शतकात स्वाभिमान विवाह सुरू केले. त्यांना कायद्याची मान्यता मिळायला १९६७ साल उजाडले.

आता सुताची गोष्ट. इथे आम्ही जरा जास्त रेंगाळणार, कारण सूत हा आमचा धंदा आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे पुष्कळ होती. पण ती कताईत, रिंगखात्यात, नाहीतर झाडलोटीला. साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणले जाते आणि मजुरी जास्त मिळते, तिथे त्यांना मज्जाव. मालकाचा हुकूम म्हणून नव्हे, तर बरोबरीच्या सवर्ण कामगारांचा विरोध म्हणून. कारण ऐका. साच्यावर धोटा इकडून तिकडे पळत असतो. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी बसवायची आणि धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचे. म्हणजे धोट्याला ओठ लागणार, धाग्याला थुंकी लागणार. अस्पृश्याचे ओठ लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसे लावायचे, असे इतर कामगारांचे म्हणणे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, विणकाम खाते आमच्या माणसांना खुले करा ही मागणी यादीत घालत नसाल तर आम्ही आमच्या माणसांना संपात येऊ नका म्हणून सांगू. पुढाऱ्यांनी नाखुशीने का होईना ती घातली. मालकांपुढे गेल्यावर त्यांनी हसून उत्तर दिले की हा अन्याय काही आम्ही केलेला नाही. मालक त्या दिवशी खरे बोलले, असे म्हणावे लागते!

गंमत अशी की विदर्भात याच समाजातली कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणत आली होती, आणि १८७७ साली सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये आपल्या माणसांची चांगली भरती होती. म्हणजे एका गावात ज्या हाताचे कापड अंगाला चालते, त्याच हाताचा धागा दुसऱ्या गावात बाटतो.

हे सगळे ध्यानात ठेवून पुढचे वाचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांत ब्राह्मणाच्या हातून कोणतेही क्रियाकर्म करणार नाही ही प्रतिज्ञा लाखो माणसांनी घेतली. घेतली खरी, पण मग लग्न लावायचे कसे? भगवान बुद्धांनी लग्नाचा विधी म्हणून काही घालून दिलेला नाही. सिगालोवाद सुत्तात नवऱ्याची पाच आणि बायकोची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात नवऱ्याने बायकोचा मान राखावा, घराचा कारभार तिच्या हाती सोपवावा, असे येते. आज आपण वधूवरांकडून जी वचने घेतो ती तिथूनच आली. पण उभे कुठे राहायचे, हातात काय धरायचे?

बाबासाहेबांनी याचे उत्तर महापरिनिर्वाणाच्या तोंडावर एका पत्रात दिले. विधी अगदी साधा. होम नाही, सप्तपदी नाही. नवा मातीचा घडा चौरंगावर वधूवरांच्या मध्ये ठेवायचा, तो काठोकाठ पाण्याने भरायचा. घड्यात सुती धागा सोडायचा आणि त्याचे एक टोक वधूने, एक वराने हातात धरायचे. कुणीतरी मंगलसुत्त म्हणावे. दोघांचे कपडे पांढरे. संपले.

घडा, सूत आणि पांढरे कापड. कुंभाराचे, सूत कातणाराचे आणि विणणाराचे काम. तिन्ही वस्तू हाताने होणाऱ्या. आणि ज्या धाग्याला आमचे ओठ लागू नयेत म्हणून १९२८ साली गिरण्यांत भांडणे झाली, तोच धागा बाबासाहेबांनी आमच्या लग्नाच्या मधोमध आणून ठेवला. तसे मनात धरूनच त्यांनी ठेवला असा आमचा दावा नाही. पाणी आणि धागा ही बौद्ध देशांची जुनी रीत आहे. श्रीलंकेत परित्राण पाठाच्या वेळी पाण्याच्या भांड्यापासून धागा निघतो आणि तो सगळ्यांच्या हातातून फिरतो. लग्नात वधूवरांची बोटे धाग्याने बांधून वरून पाणी सोडतात. थायलंडात वधूवरांच्या डोक्यावर एकमेकांना जोडलेली पांढऱ्या सुताची कडी ठेवून, वडीलधारी माणसे शंखातून त्यांच्या हातांवर पाणी घालतात. पण गिरणीत राबणाऱ्या माणसाला त्या धाग्यात आणखी काही दिसले तर त्यात चूक काय?

आमच्या आईवडिलांचे लग्न १९६४ चे. आमची माय आज अठ्ठ्याहत्तरची आहे, तिला विचारले. तिने जे सांगितले ते जसेच्या तसे देतो. "भन्ते कुठले आले बाबा तव्हा! मिलिंद कॉलेजात शिकणारं एक पोरगं होतं आपल्यातलं, ते पुस्तक घेऊन आलं. त्यानंच लावलं. मपलं लुगडं पांढरं पाहून माझी मावशी रडाया लागली. म्हणे, लग्नात पांढरं? हे काय इपरीत! पांढरं तर कुकू गेल्यावर नेसत्यात." यावर बायांची बरीच बोलाचाली झाली. शेवटी लाल काठाचे पांढरे लुगडे ठरले. म्हणजे बाबासाहेबांचेही राहिले आणि मावशीचेही.

मांडव लिंबाच्या डहाळ्यांचा. पत्रावळी पळसाच्या, चोयांनी टाचलेल्या, वस्तीतल्या बायांनी दुपारी बसून केलेल्या. जेवण गुळाची लापशी आणि आमटी. बाबासाहेबांचा फोटो एकाच घरी होता, तो उसना आणला. अक्षतांऐवजी झेंडूच्या पाकळ्या, त्याही वस्तीतल्याच एका परसातल्या. आणि ऐन वेळी सूत तुटले! मायच्या मावशीने पुन्हा गळा काढला, अपशकुन झाला म्हणून. ते मिलिंदचे पोरगे म्हणाले, "मावशी, कापसाचं सूत हाय, तुटतंच. गाठ मारा." गाठ मारली आणि पुढे चालू केले.

आमचे वडील २०१६ साली गेले. तोवर बावन्न वर्षांचा संसार झाला.

माय हे सांगत होती तेव्हा धाकटी वही घेऊन लिहीत होती आणि आमच्या मनात भलतेच चालले होते. रिंगफ्रेमवर आम्ही दिवसाला शेकडो तुटलेले धागे सांधतो. सुताला तोडतो तो कोरडेपणा. म्हणून तर गिरणीत हवेत पाण्याचा फवारा सोडतात. ओल्या कापसाच्या सुताला कोरड्यापेक्षा ताकद जास्त. ते १९६४ चे सूत पाण्यात तुटले नसणार, हाताजवळच्या कोरड्या भागात तुटले असणार. तेव्हा आमच्या घरचा नियम झाला की सूत आधी पूर्ण भिजवायचे आणि मगच हातात द्यायचे.

व्याह्यांकडे आम्ही मायलाच घेऊन गेलो. तिने वर सांगितलेली हकिगत त्यांच्या अंगणात बसून पुन्हा सांगितली. व्याहीण डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंचंही असंच झालं होतं." 'बघू'चे 'करू' झाले ते तिथे.

मग कामाला लागलो. दौलताबादच्या पुढे कागजीपुरा आहे. महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली त्या चौदाव्या शतकापासून तिथे हाताने कागद होतो असे सांगतात. चिंध्यांचा लगदा करून कागद करायचा ही तिथली जुनी कला. म्हणजे तोही एका अर्थी कापूसच. तिथला कागद आणला आणि दीडशे पत्रिका हाताने लिहिल्या. अक्षर बरे म्हणून हे काम आमच्याकडे आले. 'शुभविवाह' नाही, 'मंगल परिणय'. कोपऱ्यात पिंपळपानाचा ठसा. ठसा धाकटीने बटाटा कापून केला, आणि पहिल्या वीस पत्रिकांवर ते पान पिंपळाऐवजी विड्याचे वाटत होते. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. हातकागद छापील पत्रिकेपेक्षा महाग पडतो, हातसुताची साडी गिरणीच्या साडीपेक्षा महाग. हाताचे म्हणजे स्वस्त, हा गैरसमज कुणी करून घेऊ नये. वाचले ते लॉनचे, डीजेचे, स्टेजच्या फुलांचे. एकूण खर्च थोरलीच्या लग्नाच्या चौथाईत आला आणि कर्ज काढावे लागले नाही.

सूत मायने कातले. खादी भांडारातून टकळी आणि पेळू आणून दिले. पहिले दोन दिवस धागा सारखा तुटे, तिसऱ्या दिवशी हात आठवला. आमच्या तीस नंबरच्या सुतापुढे ते म्हणजे दोरखंडच, कुठे जाड कुठे बारीक. गिरणीत असले सूत निघाले असते तर सुपरवायझरने आम्हाला घरी पाठवले असते.

रुखवताला आमचा विरोध होता, हुंड्याची ती धाकटी बहीण म्हणून. पण भांडीकुंडी, फ्रिज काही मांडायचे नाही या अटीवर मान्य केले. आत्याने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली, मावसबहिणीने काड्यापेटीच्या काड्यांचा सांचीचा स्तूप केला, काकूने क्रोशाचे तोरण विणले. हळदीच्या गाण्यांऐवजी म्हाताऱ्या बायांनी भीमाच्या ओव्या म्हटल्या. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या अशा ओव्या १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पाने ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. आपल्या करमाडच्या ओव्या अजून कुणी टिपलेल्या नाहीत आणि म्हणणाऱ्या तीनच बाया उरल्या आहेत. तरुण मंडळाच्या हातात मोबाईल आहेत, त्यांनी याचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे, ती पुरुषमंडळींना टोचेल. हाताने करायचे ठरले आणि महिनाभर हात कुणाचे चालले? बायांचे. वाकळ त्यांची, तोरण त्यांचे, सूत त्यांचे, पत्रावळीही त्यांच्याच. आम्ही पुरुष ओट्यावर बसून 'जुन्या पद्धतीचे लग्न किती चांगले' यावर चर्चा करीत होतो. धाकटीने हे सर्वांसमोर बोलून दाखवले तेव्हा कुठे जावई आणि त्यांचे मित्र लग्नाच्या आदल्या रात्री येऊन पुऱ्या लाटायला बसले. त्या पुऱ्यांचे आकार पाहून बाया जे हसल्या ते आजपर्यंत हसताहेत. सावित्रीबाईंच्या पुढाकाराने सुरू झालेले हे लग्न, आणि आम्ही मात्र जोतीरावांच्या फोटोखाली नुसते बसून!

इतके सांगून ज्यांना पुढे असे लग्न करायचे आहे त्यांच्यासाठी व्यवहाराचे दोन शब्द. लग्न लागल्यावर नोंदणी लगेच करावी. गावात ग्रामपंचायतीत १९९८ च्या कायद्याप्रमाणे ती होते. बौद्धांना १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे, त्यामुळे पुढे कागदाची गरज पडली की हातलिखित पत्रिका कामाला येत नाही. चौरंग आणि त्यावरचे पांढरे कापड आम्ही विहाराला देऊन ठेवले आहे, ज्याला लागेल त्याने न्यावे आणि धुऊन परत करावे.

घडा कुंभाराला आधी सांगून करून घ्यावा. रंगवलेला, चमकीचा घेऊ नये. आणि आदल्या दिवशी रात्रभर तो पाण्यात बुडवून ठेवावा. आमच्या लग्नात हे एकच काम आमच्याकडे, म्हणजे नवरीच्या बापाकडे होते, आणि ते राहून गेले. नवी कोरी माती. मंगलसुत्त अर्ध्यावर येईतो निम्मे पाणी प्यायली, चौरंगावरचे कापड भिजले आणि घडा काठोकाठ राहावा म्हणून जावयाची सात वर्षांची भाची शेवटपर्यंत तांब्याने त्यात पाणी घालत उभी होती.